वाचलेले वचन दिवसभर कसे जगावे : खानदेशातील विश्वासणाऱ्यांसाठी

पवित्र शास्त्र रोज वाचावे हे आपण रविवारच्या उपासनेत नेहमी ऐकतो आणि पुष्कळ घरांत ते वाचलेही जाते; परंतु सकाळी वाचलेला अध्याय दुपारी कापसाच्या काट्यापाशी, भुसावळच्या यार्डात किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये आठवला का, असे कोणी विचारले तर बहुतेकांना उत्तर सुचत नाही. यहोशवाच्या पहिल्या अध्यायातील आठव्या वचनात रात्रंदिवस मनन करण्याची आज्ञा आहे, आणि जे लिहिले आहे ते काळजीपूर्वक पाळता यावे हे त्या मननाचे कारणही तिथेच दिलेले आहे. म्हणून वाचताना डोळे किती पाणावले यावरून मननाची परीक्षा करू नये. संध्याकाळपर्यंत हातून काय वेगळे घडले, यावरून करावी. पुढील सर्व सूचना त्या दृष्टीने लिहिल्या आहेत.

पहिला प्रश्न किती वाचावे हा असतो. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, त्यामुळे ते वर्षभरात पूर्ण करायचे म्हटले तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. संपूर्ण शास्त्राची ओळख होण्यासाठी असे वाचन चांगलेच आहे, आणि ज्यांना जमते त्यांनी ते अवश्य करावे. मात्र त्याला मनन समजू नये. केळीच्या बागेत पाट फोडून सोडलेले पाणी सरीतून पुढे निघून जाते आणि ठिबकचे थोडेसेच पाणी मुळाशी मुरते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. मननासाठी पाच ते दहा वचनांचा एक उतारा पुरतो. सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी, कारण त्याचे १६ अध्याय लहान-लहान प्रसंगांत विभागलेले आहेत आणि एका दिवसाला एक प्रसंग सहज बसतो. त्यानंतर याकोबाचे पाच अध्यायांचे पत्र घ्यावे. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय असल्यामुळे पुष्कळ जण तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचतात. ती सवय मोडण्याचे कारण नाही, फक्त त्या अध्यायातील एकच सूत्र निवडून ते दिवसभर सोबत ठेवावे.

वेळ कोणती असावी, याबद्दल वडीलधारे पहाट सुचवतात आणि ज्यांना शक्य आहे त्यांच्यासाठी ती उत्तमच आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो तेव्हा शेतकरी उजाडण्यापूर्वीच घराबाहेर पडतो, रात्रीची वीज असेल तर पहाटेपर्यंत मोटारीपाशी जागा असतो, आणि रेल्वेच्या रनिंग स्टाफला तर आजची ड्यूटी उद्या त्याच वेळी असेल याची खात्री नसते. अशांनी वाचन घड्याळाला न बांधता रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधावे. ड्यूटीवर निघण्यापूर्वीचा चहा, मोटार सुरू केल्यानंतरचा निवांतपणा किंवा भाकरी झाल्यावर चूल विझेपर्यंतचा वेळ त्याला चालतो. मोबाईलमधील बायबल प्रवासात उपयोगी पडते, विशेषतः दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांना. पण घरी असताना छापील प्रत घ्यावी, कारण मोबाईल हातात आला की वचनाआधी व्हॉट्सॲप उघडते.

निवडलेला उतारा दोनदा वाचावा, आणि त्यांपैकी एकदा तरी मोठ्याने वाचावा. घरात कोणाला वाचता येत नसेल तर एकाने वाचावे आणि इतरांनी वाक्यामागून वाक्य म्हणावे. नवापूर, नंदुरबार, धडगाव या भागांत अनेक घरांची बोली मावची, भिली किंवा पावरी असते, आणि जळगाव-धुळ्याकडे अहिराणी असते. तिथे मराठीतून वाचल्यानंतर तोच प्रसंग घरच्या बोलीत एकमेकांना सांगावा. सांगताना जिथे अडखळायला होते तिथे आपल्याला तो भाग कळलेला नसतो, आणि हे शांतपणे वाचत असताना कधीच लक्षात येत नाही.

यानंतर प्रत्यक्ष मनन सुरू होते, आणि ते कसे चालते हे एका उताऱ्यावरून पाहणे अधिक सोयीचे आहे. पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायातील १४ व १५ ही वचने घ्या. गरीब मजूर आपल्या बांधवांपैकी असो की गावात राहणारा परका असो, त्याच्यावर जुलूम करू नये आणि त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे तिथे सांगितले आहे. पहिली विचारणा अशी की हे कोण कोणाला सांगत आहे. तर मिसर देशातून सुटून आलेल्या, आणि लवकरच स्वतः जमिनीचे मालक होणाऱ्या लोकांना मोशे हे सांगत आहे. दुसरी विचारणा अशी की आज्ञेचे कारण काय दिले आहे. मजूर गरीब असतो व त्याचे मन त्या पैशांकडे लागलेले असते, आणि त्याने परमेश्वराकडे गाऱ्हाणे केले तर मालक दोषी ठरतो, अशी कारणे तिथे आहेत. मग मागेपुढे वाचावे. अठराव्या आणि बाविसाव्या वचनांत ‘तू मिसरात दास होतास’ ही आठवण येते, त्या दोहोंच्या मध्ये शेतात विसरलेली पेंढी परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी सोडण्याची आज्ञा आहे, आणि पुढच्याच अध्यायात पिशवीत लहान-मोठी दोन प्रकारची वजने बाळगू नयेत असे सांगितले आहे. एवढे पाहिले की ही दोन वचने एकटी राहत नाहीत. ज्याला स्वतःला सोडवण्यात आले त्याने आपल्या हाताखालच्या माणसाशी कसे वागावे, असा सगळा विषय उभा राहतो.

आता हा उतारा घेऊन कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर जाऊन पाहा. वेचणीची मजुरी किलोमागे ठरते, ती पुष्कळदा आठवडे बाजाराच्या दिवशी एकदम दिली जाते, आणि वेचणीला आलेली माणसे सातपुड्यातून किंवा मध्य प्रदेशातून आलेली असू शकतात, म्हणजे वचनातला परकाही तिथे हजर असतो. बाजाराच्या दिवशी पैसे देण्याच्या रीतीमुळे ही आज्ञा मोडते का, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. माझ्या मते मजुरांनीच आठवड्याने पैसे मागितले असतील तर या आज्ञेचा हेतू बिघडत नाही. परंतु खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने आपले पैसे दिले नाहीत म्हणून आपण मजुरीही थांबवून ठेवली, तर आपला धोका आपण आपल्यापेक्षा गरीब माणसावर ढकलला, आणि नेमके तेच इथे मना केले आहे. काट्याचेही तसेच आहे. व्यापाऱ्याने कडता, म्हणजे वजनातली सूट, कापला की आपण गावभर सांगतो. त्याच आठवड्यात वेचणाऱ्या बाईचे गाठोडे काट्याला लावून वरचा पाव किलो धरला नाही, हे मात्र आपल्याला हिशेब वाटते.

एवढा विचार झाल्यावर एकच कृती ठरवावी आणि ती नाव, वेळ व जागा यांसह ठरवावी. ‘मी मजुरांशी न्यायाने वागेन’ असे लिहिले तर संध्याकाळी तपासण्यासारखे काहीच उरत नाही. ‘ज्या बाईचे मूल आजारी आहे तिला आजच्या वेचणीचे पैसे आज घरी जाण्यापूर्वी देईन, आणि वजन तिच्यादेखत पूर्ण वाचून सांगेन’ असे लिहिले तर ते घडले की नाही हे सांगता येते. यासाठी शंभर पानी वही पुरते : तारीख, उतारा, एक ओळ कळलेले आणि एक ओळ करायचे. रात्री निजण्यापूर्वी ती ओळ वाचावी, झाले असेल तर आभार मानावेत, आणि राहिले असेल तर क्षमा मागून तीच ओळ दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवावी. एकच ओळ आठवडाभर पुढे सरकत राहिली तर नवीन उतारा घेण्याची घाई करू नये.

प्रत्येक उताऱ्यातून काम निघतेच असे नाही, आणि ओढून काढूही नये. स्तोत्रांपैकी पुष्कळ केवळ स्तुतीची आहेत, तर काही केवळ विलापाची. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची ओळ नाही. वादळात केळीची बाग आडवी झालेल्या घरी, किंवा माणूस गेलेल्या घरी, असे स्तोत्र प्रार्थना म्हणून तसेच वाचावे आणि लगेच ‘यातून काय शिकायचे’ असे विचारू नये. त्या दिवसाचे आज्ञापालन म्हणजे देवापुढे खरे बोलणे, एवढेच असते.

दोन सवयी मननाला विशेष मारक आहेत. पहिली म्हणजे वचन चिठ्ठीसारखे काढणे. नववर्षाच्या उपासनेत वर्षाचे वचन मिळते, ते भिंतीवर लावले जाते, त्यात गैर काही नाही. परंतु ते भविष्य म्हणून वाचू लागलो तर ज्योतिष्याकडे जाण्यात आणि यात फरक राहत नाही. यिर्मया २९:११ हे हिताच्या संकल्पांचे वचन आपल्या घरांत फार आवडीचे आहे, पण ते बाबेलात बंदिवान असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षे थांबण्याची गोष्ट आहे, हे भिंतीवरच्या कार्डावर नसते. दुसरी सवय म्हणजे वचन दुसऱ्याला लावणे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसावे वचन (पत्नींनी पतीच्या अधीन असावे) नवऱ्यांना पाठ असते आणि पंचविसावे (पतींनी पत्नीवर प्रीती करावी) आठवत नाही; आईवडील सहाव्या अध्यायातील पहिले वचन (मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे) मुलांना ऐकवतात आणि चौथ्याशी (बापांनी मुलांना चिडवू नये) पोहोचत नाहीत. मननाच्या वेळी ज्या वचनात आपल्याला आज्ञा केली आहे तेच आधी घ्यावे.

आठवड्याला एक वचन अध्याय-क्रमांकासह पाठ करावे, कारण काट्यापाशी किंवा भांडणाच्या वेळी ग्रंथ हातात नसतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू अरण्यात तीनही परीक्षांना अनुवादाच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील वचनांनी उत्तर देतो. पाठांतर जड जाणाऱ्यांनी चालीवर म्हणावे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजने अभंगाच्या घाटात रचली ती मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात, तेव्हा ही वाट आपल्याला नवी नाही. घरातील मुलांना पाठ करायला वचन देताना ते जेवणाच्या वेळी द्यावे आणि त्यावर त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. अनुवादाचा सहावा अध्याय घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता या वेळा सांगतो, म्हणजे संडे स्कूलवर सगळे सोपवून चालणार नाही.

मननातून एखादा मोठा निर्णय पुढे आला, जसे की नोकरी सोडणे, डॉक्टरांचे औषध बंद करणे, कर्ज काढणे किंवा नाते तोडणे, तर तो एकट्याने अमलात आणू नये. बिरुया येथील लोक पौलाचे ऐकूनसुद्धा ‘हे असेच आहे का’ म्हणून दररोज शास्त्रात शोध करत असत, असे प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये आहे. तेव्हा आपले मत पाळकांपुढे व मंडळीतील अनुभवी माणसांपुढे ठेवण्यात कमीपणा नाही. औषधाच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच बदलू नये.

दिवस चुकतातच. चुकलेल्या दिवसांचे उतारे एकदम वाचून बाकी फेडण्याचा प्रयत्न करू नये. ज्या दिवशी पुन्हा बसाल त्या दिवसाचाच उतारा घ्यावा. मृगाच्या पावसानंतर पेरणीची घाई असते तेव्हा क्रम बाजूला ठेवून लहान स्तोत्रे घ्यावीत : ११७ वे दोन वचनांचे आहे, १३१, १३३ व १३४ ही तीन-तीन वचनांची आहेत, आणि अश्रूंनी पेरणाऱ्यांचे १२६ वे सहा वचनांचे. ही तिफणीमागे चालताना म्हणण्याइतकी छोटी आहेत आणि पेरणी उरकेपर्यंत पुरतात. त्यानंतर मार्कमध्ये जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करावे.