पणजीचं लग्न कितव्या वर्षी झालं ते शोधायचं कसं

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थेट वय विचारू नका, "लहानच होती गं" एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा विचारा की न्हाण आलं तेव्हा ती माहेरी होती की सासरी, १९१८ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ तिला आठवायची का. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. माझी आत्याआजी यावर तासभर बोलली, म्हणे पणजी लग्नाच्या दिवशी मुंडावळ्यांसकट सागरगोटे खेळायला पळाली होती आणि सासूबाईंनी हाताला धरून परत आणली.

मग ट्रंका उपसा. लग्नपत्रिका मिळाली तर त्यात शक असतो, त्यात ७८ मिळवायचे, पण पौषाचा शेवट, माघ, फाल्गुन असेल तर बहुतेक ७९. आमच्या पत्रिकेवर शके १८५१ फाल्गुन होतं, म्हणजे मार्च १९३०, आणि मग माझी ट्यूब पेटली. मुलीचं वय किमान १४ ठरवणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता आणि त्याआधी लोकांनी घाईघाईने पोरींची लग्नं उरकली होती, आमचे खापरपणजोबा त्यातलेच दिसतात! संस्थानातलं गाव असेल तर हा हिशोब लावू नका, कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. आणि १८९१चा कायदा वेगळा हं, त्याने शरीरसंबंधाचं संमतीवय १० चं १२ केलं, लग्नाच्या वयाला हातच लावला नाही.

लग्न आणि सासरी नांदायला जाणं यात कधीकधी तीन-चार वर्षं जायची, म्हणून दोन्ही सालं वेगळी लिहा.

वयासाठी शाळेची नोंद बघायची तर गावच्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टर मागा, मोडी वाचणारं कोणी सोबत असलेलं बरं. शाळा सोडल्याचं कारण असा रकाना असेल तर तो नक्की बघा. बडोदा संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मुलींनाही, तिकडचं माहेर असेल तर नोंद मिळायची शक्यता जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रजिस्टरमध्ये तिचं माहेरचं नाव शोधायचं. मी अर्धा दिवस "लक्ष्मी" शोधत बसले, ती होती "ठकू".