झुमक्यांच्या स्टँडवरच्या भेगा

हाताने घडवलेले दागिने, साबण, मेणबत्त्या विकणाऱ्यांसाठी ॲक्रिलिकचे स्टँड करून देण्याचे काम मी चार वर्षे करते आहे. डिझाइनची फाइल कशी करावी आणि लेझर कटिंग कुठे करून मिळते, हे या कामाकडे वळणाऱ्यांना बहुधा ठाऊक असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगेन. लिहायचे आहे ते माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरविषयी, कारण ती आठवण अजून बोचते.

टेराकोटाचे झुमके करणाऱ्या एका ताईंना दिवाळीआधीच्या प्रदर्शनासाठी 24 स्टँड हवे होते. प्रत्येक पारदर्शक, 30 सेंटिमीटर उंच, 3 मिलिमीटर जाडीचा, आणि झुमक्यांचे आकडे अडकवायला 2 मिलिमीटरची 40 भोके. कटिंग सुरेख झाले होते. भोकांच्या कडेला लेझरच्या धुराचा तपकिरी थर बसला होता, तो काढण्यासाठी मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक भोक निगुतीने पुसले आणि स्टँड रात्रभर टेबलावर मांडून ठेवले. सकाळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, तर भोकाभोवती केसाएवढ्या रेघा बाहेरच्या दिशेने पसरल्या होत्या, जशा डोळ्याभोवती पापण्या. आदल्या दिवशी त्या नव्हत्या आणि कपड्याने घासून जात नव्हत्या. ते ओरखडे नव्हते, भेगा होत्या. 17 स्टँड वाया गेले.

याचे कारण नीट समजून घ्या. लेझरने कापताना कडेचा पातळ थर वितळतो आणि थंड होताना आकसू पाहतो, पण आतला न तापलेला भाग त्याला आकसू देत नाही, त्यामुळे तो थर कायम ताणलेला राहतो. कड काचेसारखी चकचकीत दिसते, म्हणूनच फसगत होते. अशा ताणलेल्या कडेत स्पिरिटमधले अल्कोहोल शिरले की रेणूंच्या साखळ्या एकमेकींपासून सुटू लागतात आणि भेगा उमटतात. सॅनिटायझर, अमोनिया असलेला काच पुसण्याचा फवारा, नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन, हे सगळे त्याच माळेतले. भेगा कधी काही मिनिटांत दिसतात, तर कधी माल गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचल्यावर. भोके जितकी जास्त तितक्या कडा जास्त, म्हणून झुमक्यांच्या स्टँडला हा धोका सर्वाधिक. अत्तर किंवा परफ्यूम विकणाऱ्यांसाठी स्टँड करत असाल, तर बाटलीतून सांडलेला थेंबही हेच करू शकतो, हे ऑर्डर घेतानाच सांगून ठेवा.

स्पिरिट वापरण्याचा सल्ला मला एका व्हिडिओतून मिळाला होता. शिकवणाऱ्याच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु पुसल्यानंतर दुसऱ्या दिवशीचा स्टँड जो दाखवत नाही, त्याच्याकडून हे काम शिकू नये, असे माझे ठाम मत आहे. मला खरे शिकवले ते कटिंगच्या दुकानातल्या मशीन चालवणाऱ्या दादांनी. त्यांनी विचारले, ‘शीट कास्ट घेतली होती की एक्स्ट्रुडेड?’ मला फरकच माहीत नव्हता. कास्ट म्हणजे साच्यात ओतून केलेली शीट, एक्स्ट्रुडेड म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त पडते आणि तिची जाडी जास्त एकसारखी असते, पण तिच्यावर अशा भेगा फार लवकर पडतात. कास्ट शीट बरेच सोसते. ओळखायचे असेल तर एका तुकड्यावर लेझरने अक्षर कोरून पाहा: कास्टवर ते दुधाळ पांढरे उमटते, एक्स्ट्रुडेडवर जवळजवळ पारदर्शकच राहते.

कास्ट शीटची दुसरी बाजूही सांगते. 3 मिलिमीटर म्हणून घेतलेली शीट 2.7 भरते, कधी 3.2. म्हणून बैठकीत स्टँड बसवायच्या खाचा आखण्याआधी प्रत्येक शीट व्हर्निअर कॅलिपरने मोजावी, नाहीतर बैठक डुगडुगते. तयार फाइल विकत घेऊन तशीच कापायला देणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

चिकटवण्यासाठी आपल्याकडे सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. ते ॲक्रिलिक विरघळवूनच जोडते, तेव्हा लेझरच्या कडेवर त्याचाही तोच धोका आहे; शिवाय त्याची वाफ शरीराला घातक असते, म्हणून बंद खोलीत ते काम करूच नका. शक्य असेल तिथे मी न चिकटवता खाचेत बसणारी रचना करते. मोठ्या कामासाठी कापलेले भाग 80 अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड केले की कडेतला ताण उतरतो, पण घरच्या ओव्हनचा काटा विश्वासाचा नसतो आणि ॲक्रिलिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

एवढे वाचून घाबरू नका. धुराचा थर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ सुती कपड्याने निघतो, आणि कापताना संरक्षक कागद काढला नसेल तर सपाट भागावर तो थर बसतच नाही. पहिला स्टँड बिघडला म्हणून हे काम आपले नव्हे असे समजू नका. माझे 17 बिघडले, आणि त्या ताई आजही माझ्याकडूनच स्टँड घेतात. नवी शीट आली की मी दहा भोकांचा एक तुकडा कापून घेते, पारख म्हणून त्यावर स्पिरिट लावून रात्रभर ठेवते आणि भेगा पडल्या का ते सकाळी उजेडात पाहते. प्रत्येक स्टँडच्या बैठकीखाली एक चिठ्ठी चिकटवते: ‘फक्त साबणाच्या पाण्याने पुसावे. सॅनिटायझर, स्पिरिट किंवा काच पुसण्याचा फवारा लावू नये.’