गाडीचा एसी घरीच दुरुस्त करताय? गॅसच्या डब्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

एसी गार करेनासा झाला की निदान ठरलेलं असतं: गॅस संपला. मग गॅसचा डबा आणि होज येते, जमेल तेवढा गॅस भरला जातो, काही दिवस गारवा मिळतो आणि पुन्हा कोमट हवा. पैसे वाचवायला निघालेल्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीजवळचा कंडेन्सर त्याला थंड करून द्रव बनवतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जातो, उष्णता शोषून वायू होतो आणि परत कंप्रेसरकडे येतो. रबरी होज आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षं अगदी थोडा झिरपतो, हे खरं. पण एका मोसमात एसी बसला तर एक तर गॅस कुठून तरी गळतोय किंवा बिघाडाचा गॅसशी काही संबंधच नाही. हे दोन्ही तपासायला नळी उघडावी लागत नाही, आणि घरच्या घरी खरी बचत होते ती याच तपासणीत.

पहिली चूक: हवेचा आणि विजेचा मार्ग न तपासता गॅसवर संशय

आधी मोजून घ्या. गाडी सावलीत, इंजिन सुमारे १,५०० आरपीएमवर, एसी सर्वांत थंडवर, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, दारं-काचा बंद. मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खुपसा आणि दहा मिनिटं थांबा. साधारण हवामानात ५ ते १० अंश सेल्सिअस दिसलं तर एसी ठीक आहे. कडक उन्हाळ्यात आणि दमट हवेत आकडा काही अंशांनी वर जाणारच, त्याला बिघाड समजू नका.

हवा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर काढून उजेडासमोर धरा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्समागे असतो. बसवताना त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पाहा. उलटा बसवणारे बरेच असतात. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्या. एसी चालू केल्यावर पंखा फिरायला हवा. काही गाड्यांत तो दाब वाढल्यावरच सुरू होतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबून पाहा. एका बाजूच्या व्हेंटमधून गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट हवा येत असेल तर गरम-थंड हवा मिसळणाऱ्या फ्लॅपची मोटर बिघडलेली असू शकते. गॅस थोडा कमी असला तरी कॉइल अर्धवटच गार होऊन हेच लक्षण दिसतं. पायाखालचं कार्पेट ओलं होत असेल तर कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे.

कंडेन्सर धुताना प्रेशर वॉशर वापरू नका. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या वाकतात आणि एकदा आडव्या झाल्या की हवा अडते. साध्या पाइपने, हलक्या धारेने, शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पाणी सोडा. इंजिन थंड असू द्या आणि इलेक्ट्रिक पंख्याचा कनेक्टर आधी काढून ठेवा. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो.

आता कंप्रेसर. क्लच असलेल्या कंप्रेसरमध्ये एसी चालू करताच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुलीच्या तोंडावरची चकती पुलीबरोबर फिरू लागते. चकती स्थिर असेल तर फ्यूज पाहा, मग रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघणं ही सर्वांत स्वस्त चाचणी. तरीही नाही, तर क्लचच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतायत आणि क्लच पकडत नाही, तर बिघाड क्लचच्या कॉइलचा आहे किंवा चकती आणि पुली यांच्यातल्या फटीचा. बहुतेक क्लच कॉइलचा रोध ३ ते ५ ओहमच्या आसपास असतो, आणि फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. फट झिजून वाढली की सकाळी क्लच पकडतो आणि इंजिन तापल्यावर सोडतो. ती फीलर गेजने मोजता येते आणि बऱ्याच कंप्रेसरमध्ये पातळ वॉशर काढून कमी करता येते.

व्होल्टेजच येत नसेल तर मात्र प्रेशर स्विचच्या दोन वायरी जोडून कंप्रेसर ‘चालवून बघण्याचा’ मोह टाळा. गॅस फार कमी झाला की हा स्विच कंप्रेसर मुद्दाम बंद ठेवतो, कारण कंप्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइलही पोहोचत नाही. असा कोरडा चालवलेला कंप्रेसर थोड्याच वेळात जाम होऊ शकतो आणि धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत सोडतो. आजकालच्या कंडेन्सरच्या बारीक वाटांतून तो चुरा धुऊन निघत नाही, म्हणजे कंप्रेसरबरोबर कंडेन्सर, ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदलावे लागतात.

अनेक नव्या गाड्यांत क्लचच नसतो, पुली कायम फिरते आणि कंप्रेसर किती दाबणार हे एक कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. तिथे ‘टक्’ आवाजाची वाट बघू नका.

दुसरी चूक: इंजिन बंद असताना दाब बघून ‘गॅस भरपूर आहे’ म्हणणं

हा गैरसमज फार पसरलेला आहे. आर-१३४ए हा अनेक गाड्यांच्या एसीतला गॅस. तो बंद जागेत जोवर थोडा जरी द्रवरूपात आहे, तोवर दाब ठरतो तो तापमानावर: २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४. सिस्टिममध्ये २०० ग्रॅम असो की ५००, गेज तेच दाखवेल. स्थिर दाब त्या तापमानाच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर गॅस खूप गेलाय, एवढंच त्यावरून कळतं.

खरी माहिती एसी चालू असताना, दोन्ही बाजूंचे गेज एकत्र वाचून मिळते. बाहेर ३० ते ३५ अंश असताना आर-१३४एच्या गाडीत लो साइड (कंप्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ५० पीएसआय आणि हाय साइड (कंप्रेसरनंतरची जास्त दाबाची बाजू) २०० ते २७० पीएसआय दिसते. नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधले धरा. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त भरलाय, पंखा बंद आहे, कंडेन्सर तुंबलाय किंवा आत हवा शिरली आहे. लो साइड चढलेली आणि हाय साइड पडलेली, तर बहुधा कंप्रेसर थकलाय. लो साइड शून्याखाली व्हॅक्यूममध्ये जात असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरलाय. फक्त लो साइडचं घड्याळ असलेल्या डब्यावर ‘हिरव्या पट्ट्यापर्यंत भरा’ लिहिलेलं असतं. त्या एका काट्याला यातलं काहीच वेगळं ओळखता येत नाही. थकलेल्या कंप्रेसरच्या गाडीत तर काटा आधीच हिरव्यात असतो.

तिसरी चूक: गळती न शोधता भरणं, किंवा सीलर ओतणं

गॅस बाहेर पडताना ऑइलचा अंश सोबत नेतो. म्हणून टॉर्च घेऊन प्रत्येक जोड नीट बघा. जिथे धूळ चिकटून काळपट, तेलकट कडं दिसेल तिथे बोट फिरवा. ठरावीक जागा आहेत: दगड लागणारा कंडेन्सरचा पुढचा भाग, नळ्यांच्या जोडातल्या ओ-रिंग, होजची दाबून बसवलेली टोकं, कंप्रेसरचा शाफ्ट सील आणि भरण्याच्या पोर्टमधला छोटा व्हॉल्व्ह. या शेवटच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पोर्टवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडा फुगला तर कारण सापडलं. हा व्हॉल्व्ह बदलताना टायरचा व्हॉल्व्ह घालू नका. एसीचा वेगळा असतो आणि तो गॅस काढल्यावरच बदलता येतो.

साबणाच्या पाण्याला बारीक गळती सापडत नाही. त्यासाठी यूव्ही डाय (अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर हवा. डिटेक्टर इंजिन बंद ठेवून, जोडाच्या खालच्या अंगाने हळू फिरवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. कूलिंग कॉइल दिसत नाही, पण ती गळत असेल तर पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी डाय चमकते.

गळती तपासायला हवेच्या कंप्रेसरने (टायरमध्ये हवा भरतात तशा) हवा भरणं दोन कारणांनी चूक आहे. हवेबरोबर ओलावा आत जातो, आणि दाबाखाली आर-१३४ए व हवा यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन तर कधीच नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट. कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावूनच.

सीलरच्या डब्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. गळती भरणारं ते रसायन एक्सपान्शन व्हॉल्व्हची बारीक वाटही भरून टाकू शकतं. शिवाय गॅस काढण्याचं मशीन त्याने खराब होतं, म्हणून सीलर घातलेली गाडी अनेक वर्कशॉप हातात घेत नाहीत.

चौथी चूक: सिस्टिम उघडून ती तशीच बंद करणं

जोड उघडण्याआधी आतला गॅस हवेत सोडू नका. आर-१३४एचा एक किलो १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, आणि बऱ्याच देशांत तो मुद्दाम सोडणं गुन्हा आहे. उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव कातडीवर किंवा डोळ्यांत उडाला की जागेवर गोठवतो. जळती सिगारेट किंवा ज्योत जवळ असेल तर त्यापासून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. सगळ्यात शहाणपणाची वाटणी अशी: गॅस मशीनने काढून घेणं आणि शेवटी व्हॅक्यूम करून भरणं वर्कशॉपकडे, मधलं पार्ट उतरवण्याचं आणि बसवण्याचं काम घरी. मजुरी वाचते ती या मधल्या कामात.

ओ-रिंग जुनी परत वापरू नका. एसीसाठीचीच, बहुधा हिरवी असणारी एचएनबीआर रबराची घ्या. साधी काळी रबर रिंग गॅस आणि ऑइलने फुगते. बसवताना रिंगला ऑइलचं बोट लावा, कोरडी रिंग जोड आवळताना चिरते. ड्रायर नवा लावायचा आणि त्याची टोपणं अगदी शेवटी काढायची. त्यातले दाणे हवेतली ओल शोषतात, रात्रभर उघडा राहिलेला ड्रायर कामातून गेलेला असतो.

ऑइलमध्ये घाई नडते. एसीच्या कंप्रेसरसाठीच्या पीएजी ऑइलचे ४६, १०० आणि १५० असे प्रकार असतात. त्यांचा घट्टपणा वेगळा, त्यामुळे गाडीच्या लेबलवरचंच घ्यायचं. छोट्या गाडीत संपूर्ण सिस्टिमला १२० ते २०० मिलिलिटरच्या आसपास ऑइल असतं, म्हणून ‘थोडं जास्त बरं’ हा हिशेब चालत नाही. जास्तीचं ऑइल कॉइलच्या भिंतीवर बसून गारवा कमी करतं. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० ते ४० मिलिलिटर घालतात. कंप्रेसर बदलताना जुन्यातलं ऑइल मापात ओतून काढा आणि नव्यात तेवढंच ठेवा. पीएजी ओल पटकन ओढतं, उघडी राहिलेली बाटली पुढच्या वेळी वापरू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या विजेवरच्या कंप्रेसरमध्ये तर पीएजी घालायचंच नाही. तिथे वीज न वाहणारं पीओई ऑइल लागतं, आणि नारिंगी वायरींत जीवघेणा व्होल्टेज असतो. त्या गाड्या घरी उघडू नयेत.

व्हॅक्यूम फक्त हवा काढायला नसतो, ओल उडवायला असतो. २५ अंशांच्या खोलीत पाणी उकळायला दाब २४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास खाली यावा लागतो. पंप चांगला असेल तर ३० ते ४५ मिनिटं चालवा आणि मायक्रॉन गेजवर ५०० किंवा त्याहून खाली आणा (एक मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या गेजचा काटा ५०० आणि ५,००० मायक्रॉनमधला फरक दाखवत नाही. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा. काटा चढत राहिला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर आत अजून ओल आहे. राहिलेली ओल व्हॉल्व्हपाशी बर्फ होते: वीस मिनिटं गार, मग गरम, थोडं थांबलं की पुन्हा गार. पुढे तीच ओल गॅस आणि ऑइलशी मिळून आम्ल बनते आणि नळ्या आतून खाते.

पाचवी चूक: भरताना अंदाज

बॉनेटखालचं लेबल आधी वाचा. गॅस कुठला आणि किती ग्रॅम, दोन्ही त्यावर असतं. अनेक नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. त्याचे पोर्ट वेगळे असतात ते चुकून आर-१३४ए जाऊ नये म्हणूनच. अडॅप्टर लावून ही अडचण ‘सोडवू’ नका. स्वयंपाकाचा गॅस किंवा त्याच्या जातीतलं ‘स्वस्त’ मिश्रण तर अजिबात नाही. कूलिंग कॉइल गळली की ते थेट केबिनमध्ये भरतं आणि एका ठिणगीने पेटतं.

गॅस वजनावर भरायचा. डबा डिजिटल काट्यावर उभा ठेवा आणि घटणारे ग्रॅम मोजा. सिस्टिममध्ये आधीच किती आहे हे माहीत नसताना वरून भरलेला गॅस हा अंदाजच, म्हणून पूर्ण काढून पूर्ण भरणं हीच खात्रीची रीत. ५०० ग्रॅमच्या सिस्टिममध्ये ५० ग्रॅमची चूक व्हेंटवर जाणवू शकते, आणि जास्त भरल्याने गारवा वाढत नाही, उलट हाय साइडचा दाब चढून कंप्रेसरवर ताण येतो.

डबा जोडायचा तो लो साइडला, म्हणजे जाड नळीवरच्या पोर्टला. हाय साइडला जोडून इंजिन चालू केलं तर उलट दाबाने डबा फुटू शकतो. होजमधली हवा डब्याच्या थोड्या गॅसने क्षणभर बाहेर ढकला, मगच घट्ट करा. इंजिन चालू असताना डबा सरळ उभा ठेवा, म्हणजे वायूच जाईल. उलटा धरला की द्रव थेट कंप्रेसरमध्ये जातो आणि द्रव दाबला जात नसल्याने आतले व्हॉल्व्ह मोडतात. शेवटचा गॅस हळू येत असेल तर डबा ४० अंशांच्या कोमट पाण्यात धरा. ज्योत किंवा हीट गन लावू नका. पूर्ण वेळ चष्मा आणि हातमोजे घाला.

भरून झालं की होज काढा, दोन्ही पोर्टवर साबणाचं पाणी टाकून बघा आणि प्लास्टिकची टोपणं आठवणीने घट्ट लावा. आतला व्हॉल्व्ह थोडा झिरपला तरी रबराची रिंग असलेलं ते टोपण गॅस धरून ठेवतं. हरवलं असेल तर नवं मागवा.