मराठी ईमेल पाठवताना मजकुराच्या फॉरमॅटमधल्या या चुका टाळा

प्रोग्राममधून पावती किंवा बैठकीची सूचना ईमेलने पाठवताना बरेच जण फक्त एचटीएमएल (वेबपानासारखा सजवलेला मजकूर) पाठवून मोकळे होतात. साधा मजकूरही सोबत द्यायलाच हवा. एचटीएमएल बंद ठेवणारे लोक आहेत, टर्मिनलवर मट (Mutt) सारख्या क्लायंटमध्ये, म्हणजे मेल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मेल वाचणारेही आहेत. साध्या भागात ‘हा मेल ब्राउझरमध्ये पाहा’ एवढीच ओळ टाकणं म्हणजे या वाचकांना परत पाठवणं. रक्कम, तारीख, लिंक तिथेही पूर्ण लिहा.

दोन्ही भाग मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्हमध्ये (एकाच मजकुराची पर्यायी रूपं एकत्र ठेवणाऱ्या मेलच्या रचनेत) ठेवताना क्रम उलटा होतो, ही नेहमीची चूक. १९९६ च्या आरएफसी २०४६ या ईमेलच्या मानक दस्तऐवजाप्रमाणे साधा मजकूर आधी आणि एचटीएमएल शेवटी येतं, कारण आपल्याला कळणाऱ्या भागांपैकी शेवटचा भाग क्लायंटने दाखवायचा असतो. क्रम उलटला की चांगलं सजवलेलं एचटीएमएल असूनही साधा मजकूरच दिसू शकतो, आणि आपण उगाच सीएसएस (सजावटीचे नियम) तपासत बसतो.

मजकूर दोनदा दिसतोय? पायथॉनमध्ये माइममल्टिपार्ट या मेल बांधणाऱ्या क्लासला प्रकार सांगितला नाही, तर तो ‘मिक्स्ड’ धरतो. मिक्स्ड म्हणजे सगळे भाग एकापाठोपाठ. ‘अल्टरनेटिव्ह’ स्पष्ट लिहा, किंवा सरळ नवा ईमेलमेसेज क्लास वापरा.

मराठीची खरी नासाडी होते ती कॅरसेटमुळे, म्हणजे अक्षरं कोणत्या संकेतात लिहिली आहेत ते सांगणाऱ्या नोंदीमुळे. तो लिहिला नाही तर साध्या मजकुरासाठी नियमाने यूएस-आस्की हा इंग्रजी अक्षरांचा संकेत धरला जातो, आणि त्यात देवनागरी नाहीच. मग प्रत्येक क्लायंट आपापला अंदाज बांधतो. देवनागरीही सामावणाऱ्या युटीएफ-८ या संकेतातला ‘म’ तीन बाइटचा. तो लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांचा संकेत) समजून वाचला की एका अक्षराजागी तीन भलतीच चिन्हं उमटतात. तुमच्या जीमेलवर मेल नीट दिसला म्हणून निर्धास्त राहू नका, दोन्ही भागांवर कॅरसेट लिहा.

ट्रान्सफर एन्कोडिंग, म्हणजे पाठवण्यासाठी बाइट साध्या चिन्हांत बदलायची पद्धत, हीसुद्धा विचार करून निवडा. इंग्रजीला क्वोटेड-प्रिंटेबल छान, पण त्यात प्रत्येक देवनागरी बाइटची तीन चिन्हं होतात, म्हणजे एकट्या ‘म’ला नऊ. बेस६४ मध्ये तेच काम चारांत होतं. मजकूर बहुतांशी मराठी असेल तर मी बेस६४ च घेईन. हेडरमध्ये ‘७बिट’ (फक्त आस्की चिन्हं) लिहून आत कच्चं युटीएफ-८ टाकणं मात्र कधीच नको. वाटेतला जुना सर्व्हर ते बिघडवू शकतो.

पीडीएफ जोडायची असेल तर बाहेर मिक्स्ड, आत अल्टरनेटिव्ह. पीडीएफ अल्टरनेटिव्हच्या आत गेली, तर ती मजकुराचाच एक पर्याय ठरते आणि काही क्लायंटमध्ये दिसतच नाही.

गडबड शोधताना मूळ मेल उघडा: जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’, थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू. आधी सर्वांत बाहेरचा कंटेंट-टाइप (प्रकार सांगणारी हेडरची ओळ) पाहा, मग भागांचा क्रम, शेवटी प्रत्येक भागाचा कॅरसेट आणि एन्कोडिंग.