मॉर्वेनस्टोच्या कड्यावर श्रवणकेंद्र दिसल्यास

कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर डकपूलहून मॉर्वेनस्टोकडे निघाल्यावर स्टीपल पॉइंटचा खडा चढ संपतो आणि माळावर पांढऱ्या डिश अँटेना दिसू लागतात. हे जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेचे ‘ब्यूड’ नावाचे श्रवणकेंद्र, म्हणजे इतरांचे संदेश पकडणारे केंद्र, होय. दुसऱ्या महायुद्धात येथे हवाई दलाचा तळ होता. ‘छायाचित्रणास मनाई’ची पाटी दिसताच माघारी फिरण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते, परंतु येथे तसे करण्याचे कारण नाही. साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही सुमारे 1,000 किलोमीटरची सार्वजनिक पायवाट केंद्राच्या समुद्राकडील बाजूने जाते, आणि तिच्या खांबांवर ओकच्या फळाची खूण कोरलेली असते. त्या खुणेमागून निर्धास्त चालावे.

मात्र कुंपणापासून लांब राहण्याच्या भरात कड्याच्या कडेकडे सरकू नये. तेथील खडक ढासळतो, आणि चालणाऱ्याला खरा धोका त्याचाच आहे.

कुंपण ही कायद्याची रेषा समजावी. 2007 पासून हे संरक्षित स्थळ असून परवानगीवाचून आत शिरणे हाच फौजदारी गुन्हा आहे. 2023 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने पोलिसांना अशा स्थळांच्या लगतच्या भागातूनही लोकांना दूर जाण्याचा आदेश देता येतो. म्हणून ड्रोन घरीच ठेवावा आणि केंद्राचे तपशील कॅमेऱ्याने जवळ आणून टिपण्याचा मोह टाळावा. कोणी विचारपूस केलीच, तर कोठून आलो व कोठे चाललो ते सरळ सांगावे.

वाटेवरून डोळ्यांनी पाहण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि ते समजून पाहावे असे मला मनापासून वाटते. येथून सुमारे 100 किलोमीटरवरील गूनहिलीचे दळणवळण केंद्र 1962 मध्ये सुरू झाले. उपग्रहाकडून येणारे संकेत विस्तीर्ण प्रदेशावर पसरतात, त्यामुळे गूनहिलीसाठी निघालेले संदेश या कड्यावरही पकडता येतात. जवळच्या वाइडमाउथ बे येथे अटलांटिकखालून येणाऱ्या केबलही किनाऱ्याला लागतात. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे ब्यूडचे नाव जगभर पोहोचले, ते या केबलांच्या संदर्भात.

आता प्रत्येक डिशचा कल निरखावा. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरल्याने आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह, विषुववृत्तावर असल्याने या अक्षांशावरून ते दक्षिणेकडे, क्षितिजापासून जास्तीत जास्त 32 अंशांपर्यंतच दिसतात. एखादी डिश आग्नेयेकडे वळून जवळजवळ क्षितिजालाच टेकल्यासारखी झुकलेली असेल, तर तिच्या रोखात हिंदी महासागरावरचा उपग्रह असू शकतो.