सेडमच्या वाफ्यातील निचरा मृगाआधी तपासा

तापी, गिरणा व वाघूरच्या काठी खोल काळ्या जमिनीत ज्यांनी सेडम, ऑफिस टाइम यांसारखी जमिनीलगत पसरणारी मांसल झाडे लावली आहेत, त्यांनी पहिल्या मोठ्या पावसाआधी निचऱ्याचे काम पूर्ण करावे. मे महिन्यातील ४४-४५ अंशांची धग सोसून तगलेले ताटवे जुलैच्या झडीत काही दिवसांतच सडतात, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे मूळ साचलेल्या पाण्यातच सापडते. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात व मुळांची हवा तुटते. पानांतच पाणी साठवणाऱ्या झाडाला ही कोंडी सोसत नाही.

तेव्हा सपाट वाफा मोडून २० ते २५ सेंटीमीटर उंचीचा, एका बाजूस उतार असलेला गादीवाफा करावा. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून भागत नाही. निम्म्याहून अधिक भाग मुरूम व जाड वाळूचा हवा. शेजारी ३० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरून पाहावा आणि सकाळपर्यंत पाणी उतरले नाही, तर चर काढून ते बांधाबाहेर नेल्याशिवाय लागवड करू नये. दगडी बांधाच्या फटीत पसरलेले सेडम झडीतही टिकते, असे माझे निरीक्षण आहे. शिफारशीत हे नसते, पण करून पाहण्याजोगे आहे.

इतर कामे: तण काढणे, दाट ताटवा विरळ करणे, कुजके फाटे उपटणे, पावसाळ्यात पाणी व खत बंद ठेवणे.

खालची पाने पिवळी, पाणचट झाली की दुकानदार मूळवाढीचे महागडे टॉनिक पुढे करतो. ते घेऊ नये, कारण गुदमरलेल्या मुळाला खाऊ घालून उपयोग नसतो. आधी पाणी काढावे, वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी अशी स्थिती) येऊ द्यावा, मगच कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के हे ताम्रयुक्त बुरशीनाशक २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बुडाशी ओतावे. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) द्यायचा असल्यास लागवडीपूर्वी १० किलो कुजलेल्या शेणखतात १०० ग्रॅम मिसळावा. ताम्रयुक्त औषधासोबत तो कधीही देऊ नये. सेम्परव्हायवम या सेडमसारख्याच मांसल झाडाची महागडी रोपेही टाळावीत. ते युरोपातील थंड डोंगरांचे झाड आहे, आपल्या उन्हाळ्याचे नव्हे.

मृग लागण्यापूर्वी प्रत्येक ताटव्यातील बोटभर लांबीचे दहा-वीस फाटे दोन दिवस सावलीत सुकवून, वाळूच्या कुंडीत लावून ओसरीत ठेवावेत, म्हणजे वाफा गेला तरी बेणे हाती राहील.