गुडवुडला जाताय? आधी टेप पर्समध्ये टाका

गेल्या सप्टेंबरात चिचेस्टर स्टेशनाबाहेर गुडवुडच्या बसच्या रांगेत उभी होते. नवऱ्याच्या कॉलरवरचा धागा काढायला हात वर केला आणि डाव्या काखेखाली चर्र झालं. सत्तरेक वर्षं जुना ड्रेस, त्याची बाजूची पत्र्याची चेन तिथेच उसवली आणि शिवण पाठीपर्यंत गेली. ऊन रणरणत होतं, आणि मी दिवसभर लोकरीचं कार्डिगन गळ्यापर्यंत बंद करून फिरले. एकही फोटो नीट नाही. यंदा आम्ही चार घरं मिळून जातोय, आणि ‘काय काय घ्यायचं गं?’ हे मला आतापर्यंत सहा वेळा विचारून झालंय. म्हणून एकदाच लिहिते.

टेप. शिंप्याच्या गळ्यात असते ती, कापडी, 60 इंची. आत्ता उठा, पर्समध्ये टाका, मग पुढचं वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये गुडवुडला मोटारींच्या शर्यतींचा ट्रॅक आहे. 1948 साली सुरू झाला, 1966 साली तिथल्या शर्यती थांबल्या. 1998 पासून दर सप्टेंबरात तीन दिवस तिथे ‘रिव्हायव्हल’ भरतं. गाड्या त्याच काळातल्या, आणि बघायला येणाऱ्यांचे कपडेही. सक्ती नाही, पण तिथे जीन्स-टीशर्टात उभं राहणं म्हणजे लग्नात बर्म्युडा घालून जाणं. तेव्हा कपडे शोधायला आत्तापासून लागा. ऑगस्टमध्ये जाग आली तर हाती उरतं ते नायलॉनचं, सत्तरच्या दशकातलं, आणि दुप्पट भावाचं.

दुकानात जायच्या आधी घरी स्वतःची मापं घ्या. त्या दिवशी आत जे घालणार आहात तेच घालून घ्या, कारण पन्नासच्या दशकातले ड्रेस टोकदार, कडक ब्रावर बेतलेले असत आणि आपल्या रोजच्या ब्रावर छातीचं माप वेगळं येतं. छाती, बरगड्या, कंबर, सीट. कंबर जेवल्यावर आणि बसून मोजा. आणि पाठ! एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत, हात पुढे घेऊन, जशी आपण स्वतःलाच मिठी मारतो तशी. माझी कंबर त्या ड्रेसमध्ये बरोब्बर बसत होती. दगा दिला तो पाठीनं. ट्रायल रूममध्ये मी पासपोर्टचा फोटो काढून घेतल्यासारखी ताठ उभी राहिले, आरशात स्वतःवर खूश झाले आणि पैसे देऊन बाहेर पडले. हात वर केला नाही, खाली बसले नाही, टेप नव्हती म्हणून मोजलं नाही. मापं फोनमध्ये नको, कागदावर लिहून टेपेलाच गुंडाळा.

लेबलवरच्या नंबरावर कणभरही विश्वास ठेवू नका. अमेरिकेत 1958 साली जे प्रमाण ठरलं त्यात 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच आणि कंबर साडेतेवीस. आजचा तिथला 8 नंबर त्याहून पाच-सहा इंच मोठा आहे. इंग्लंडच्या जुन्या नंबरांची गतही तीच: जुना 14 म्हणजे आजचा 8 नाहीतर 10. ‘मी बारा नंबरची’ असं दुकानात सांगू नका. इंच सांगा.

मग दशक ठरवा, कारण चाळीस आणि पन्नास एकत्र केले की नाटकाच्या कपडेपटातून आल्यासारखं दिसतं. इंग्लंडमध्ये 1941 पासून 1949 पर्यंत कपड्यांना रेशन होतं. त्यामुळे चाळीसचं दशक म्हणजे आखूड घेर, मोजक्या चुण्या, रुंद खांदे. आत CC41 चा शिक्का दिसला (तो दोन गोल चीजच्या चकत्यांसारखा दिसतो) तर तो सरकारी ‘युटिलिटी’ कपडा, 1941 ते 1952 मधला. पॅरिसमध्ये डिओरनं 1947 साली बारीक कंबर आणि भरपूर घेराचे स्कर्ट आणले आणि पन्नासचं दशक त्याच घेरावर नाचलं. रॉकबिली हे संगीतही याच दशकातलं: मेम्फिस, 1954, एल्विसची पहिली रेकॉर्ड. चेरी आणि कवट्या छापलेले जे ड्रेस ‘रॉकबिली’ म्हणून विकतात ती नंतरच्या हौशी लोकांची भर. छान दिसतात, घाला, पण जुने म्हणून जास्त पैसे मोजू नका.

आता कुठे जायचं. लंडनमध्ये ब्रिक लेनला लागून चेशायर स्ट्रीटवर बियाँड रेट्रोचं गोदामाएवढं दुकान आहे, 2002 पासूनचं. तिथे सत्तर ते नव्वदचा माल ढीगभर, पन्नासचा शोधावा लागतो. पोर्टोबेलो रोडला सगळे शनिवारी जातात आणि माणसांच्या पाठी बघून परत येतात. कपड्यांसाठी शुक्रवारी जा, वेस्टवे उड्डाणपुलाच्या खाली. मेरिलबोनजवळ चर्च स्ट्रीटवर अल्फीज अँटिक मार्केट आहे, रविवार-सोमवार बंद. तिथल्या बायकांना आपण काय विकतो ते पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही, पण माल खरा. आणि माझी आवडती जागा म्हणजे केम्प्टन पार्क रेसकोर्स. महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी भल्या सकाळी तिथे जुना बाजार भरतो. रोख पैसे न्या. ट्रायल रूम नाही. म्हणजे काय न्यायचं? टेप. ड्रेस टेबलावर सपाट पसरायचा, काखेपासून काखेपर्यंत मोजायचं, दुप्पट करायचं, आणि अंगाच्या मापापेक्षा निदान दोन इंच जास्त हवं. पाठ मात्र मागून वेगळी मोजायची. विकणारी बाई ‘इट विल फिट यू, डार्लिंग’ म्हणेल. तिच्याकडे हसून बघा आणि मोजत राहा. ऑनलाइन घेतानाही हेच: मापं दिली नसतील तर मागा, देत नसतील तर सोडा.

ड्रेस हातात आला की उजेडात धरा. कसरीची भोकं उजेडातच दिसतात. काखेतलं कापड बोटांनी हळूच ताणून बघा. घामानं ते आतून कुजलेलं असतं आणि वरून काही कळत नाही. चेन दोनदा उघडा-लावा. पत्र्याची असेल तर साधारण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतची, नायलॉनची असेल तर नंतरची किंवा बदललेली. रेयॉन क्रेप असेल तर धुवायचं नाव काढू नका, ओला झाला की बाहुलीचा होतो.

आणि ड्रेस उलटा करून माया बघा. आपल्याकडे शिंपी ब्लाउजला दोन्ही बाजूंनी माया ठेवतो ना, तशी जुन्या हातशिलाईच्या ड्रेसमध्येही बऱ्याचदा असते. माझ्या त्या ड्रेसला बाजूला चांगली पाऊण इंच माया होती, दोन्हीकडची मिळून दीड इंच सुटला असता! उसवला तेव्हा कळलं. आधी टेप लावली असती आणि आत डोकावले असते तर आदल्या आठवड्यातच काम झालं असतं.

एवढी दगदग नको असेल तर नवं घ्या. व्हिव्हियन ऑफ हॉलोवे, हेल बनी वगैरे त्याच धाटणीचे कपडे आजच्या मापात शिवतात. त्याहून स्वस्त, गणपतीच्या आधी कुणी भारतात जाऊन येत असेल तर दादर किंवा लक्ष्मी रोडवरून सुती पॉपलिन आणवा आणि तिथेच पूर्ण गोल घेराचा स्कर्ट शिवून घ्या. अंब्रेला म्हटलं की टेलरला कळतं, फक्त ‘पूर्ण गोल, अर्धा नाही’ हे तीनदा सांगा. कंबर भागिले 6.28, म्हणजे 28 कंबरेला मधल्या गोलाची त्रिज्या साडेचार इंच. लांबी 27 ठेवली तर 44 पन्ह्याचं साडेतीन मीटर कापड पुरतं. आत नेटचा फुगीर पेटीकोट हवाच. साडीचा परकर घालू नका, स्कर्ट फुग्याऐवजी तंबूसारखा लोंबतो. हेही अनुभवाचे बोल आहेत, पण त्याची गोष्ट नंतर.

पुरुषांचं सोपं. ट्वीडचं जाकीट, टाय, टोपी, झालं. कुणाला टेडी बॉय, म्हणजे पन्नासच्या दशकातला इंग्लंडचा छेलबटाऊ पोरगा, व्हायचं असेल तर गुडघ्याच्या जरा वरपर्यंतचा कोट, मखमली कॉलर, चिंचोळी पँट आणि जाड क्रेप सोलचे बूट. आमच्याकडे हा प्रस्ताव केसांपाशी अडला, कोंबडा काढण्याइतके केस उरलेले नाहीत.

बूट: गवत आहे, टाच रुतते, जाड टाचेचे घ्या आणि आठवडाभर घरात घालून फिरा. केसांचे व्हिक्टरी रोल (कपाळावरचे केस गुंडाळून वर बसवायचे ते) आदल्या रात्री पहिल्यांदा करून बघू नका. मुळात ते चाळीसचे आहेत, पन्नासच्या ड्रेसला पोनीटेल आणि रुमाल पुरतो, दहा मिनिटांत होतो. सेफ्टी पिना, सुई-दोरा, ड्रेसच्या रंगाचा. पाऊस येणारच. तिकीट, पाणी, सनस्क्रीन वगैरे तुमचं तुम्ही बघा.

निघायच्या आदल्या रविवारी सगळ्यांनी संपूर्ण जामानिमा घालून आमच्याकडे जेवायला या. पंगतीला खाली बसायचं, उठायचं, वरच्या फळीवरचा डबा काढायचा. जे फाटायचं ते माझ्या घरी फाटू दे, मशीन बाहेरच काढून ठेवते.

आणि टेप त्या दिवशी घरी ठेवून येऊ नका. तिथे आवारातही जुन्या कपड्यांचे स्टॉल असतात, आणि गेल्या वर्षी त्या कार्डिगनच्या ऐवजी घालायला मी तिथेच एक कोट घेतला. अंदाजानं. खांद्यात होत नाही, कपाटात लटकलाय, कुणाला हवा असेल तर सांगा. पाठ साडेतेरा इंच आहे, आता मोजलीय.